बाळाची शी खडूसारखी

प्रश्न : माझा नातू सात आठवड्यांचा झाला, तरी कावीळ उतरत नाही. सगळे म्हणतात, कोवळं ऊन दाखवा. पण लंगोटावर शी खडूसारखी पांढुरकी आणि लघवीचा डाग पिवळाधमक. काय करू?

उत्तर : आजी, लंगोट नीट पाहिलात, फार बरं केलंत. आता उन्हावर विसंबू नका. उद्याच बालशल्यचिकित्सकाकडे जा, तो लंगोटही सोबत न्या. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याचा पित्तावाटे बाहेर पडणारा प्रकार, वाढलेलं निघालं, तर पित्तनलिका बंद असल्याची, म्हणजे बिलिअरी अट्रेशियाची शंका घ्यावीच लागते. आजार दुर्मीळ आहे, पण वेळ दवडू देत नाही. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया काढली : यकृताबाहेरच्या सुकलेल्या नलिका काढायच्या आणि लहान आतड्याचा वेढा थेट यकृताच्या मुखाशी जोडायचा. साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा जास्त. तुमच्या नातवाचे ४९ झालेत. ऑपरेशननंतर पहिली हिरवट शी झाली, म्हणजे पित्त आतड्यात पोचलं, की आम्ही सगळे लंगोटाभोवती गोळा होतो, इतका आनंद होतो. तरी खरं ते सांगते, यातल्या पुष्कळ मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं. तेव्हा आई किंवा वडील आपल्या यकृताचा भाग देऊ शकतात. पण ते नंतरचं. आधी उद्याची तपासणी.