टाकळ्याचा रस रोज सकाळी उपाशीपोटी घेतल्याने पोट साफ होऊन शरीर डिटॉक्स होतं का? किती दिवस घ्यावा?

रस घेऊ नका, भाजी करून खा. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुम्ही नेमका टाकळाच विचारलात, म्हणून बसले लिहायला.

मी माणगावकडची. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की आई सुपलीभर टाकळा खुडून आणायची. जेमतेम वीतभर वाढलेला. फुलावर आला की पाला राठ आणि कडवट होतो, मग त्याला कुणी विचारत नाही. देठ काढून नुसती पानं, भरपूर लसूण, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ नाहीतर फणसाच्या आठळ्या, वरून ओलं खोबरं आणि तांदळाची भाकरी. मे महिनाभर फणस आणि सुकं खाऊन जड झालेलं पोट दोन दिवसांत हलकं व्हायचं. औषध म्हणून कुणी खात नव्हतं, फुकट मिळतो म्हणून खायचो.

1998 साली लग्न होऊन डोंबिवलीला आले. सासूबाई गिरगावात वाढलेल्या. पहिल्याच पावसाळ्यात बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकळा माजलेला दिसला. हरखून ओढणीत खुडून आणला, भाजी केली. सासूबाईंनी झाकण काढलं, वास घेतला (टाकळ्याला उग्र वास असतो, नाकारत नाही) आणि म्हणाल्या, "अगं, याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत." नणंद तेव्हा कॉलेजात होती, ती फिसकन हसली. कढई माझ्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात पालथी झाली. गुरं खात नाहीत हे खरंच आहे, म्हणून तर माळावर सगळीकडे तोच उरतो. पण गुरं चहाही पीत नाहीत, आणि सासूबाईंना दिवसाला चार कप लागायचे. हे तेव्हा सुचलं नाही.

आता 2022. नणंदेच्या योगाच्या ग्रुपवर '21 दिवसांचं डिटॉक्स' आलं. टाकळ्याचा कच्चा रस, अर्धा पेला, उपाशीपोटी. सासूबाई तेव्हा 78 वर्षांच्या, पंधरा दिवस लेकीकडे राहायला गेलेल्या. त्यांना बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक लघवी होण्याची. पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले, सहाव्या दिवशी असंबद्ध बोलायला लागल्या. अॅडमिट केलं तर सोडियम, पोटॅशियम दोन्ही घसरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काढे वगैरे काही चालू आहे का? नणंद गप्प. शेवटी मीच सांगितलं, कारण मला आदल्या रात्री फोनवर ऐकवलं गेलं होतं, "वहिनी, तुमचाच तो टाकळा."

माझाच! जसं काही मी माहेराहून बी आणून पेरलं होतं.

सासूबाईंचे कपडे आणायला नणंदेकडे गेले, तेव्हा फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात पिशवीत दोन डहाळ्या उरल्या होत्या. टाकळ्याच्या पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात, टोकाला गोल, आणि खालच्या जोड्यांच्या मधे दांडीवर टाचणीच्या टोकाएवढी पिवळसर गाठ. हात लावून बघा, समजते. माझ्या हातातल्या डहाळीला पाच जोड्या होत्या, पानोळ्या टोकदार, आणि गाठ पार देठाच्या बुडाशी. तो कासविंदा होता, रानटाकळा म्हणतात तो. टाकळ्याच्याच कुळातला, त्याच उकिरड्यावर उगवणारा. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्याच्या तोंडाला लहान मुलं दगावत होती, मेंदूज्वर समजून उपचार चालायचे. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी शोधून काढलं की ती मुलं कासविंद्याच्या शेंगा खात होती. मी हे नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, "पान ते पान, एवढं काय त्यात." नवरा म्हणाला, जाऊ दे ना आता.

तर तुमचं पोट. टाकळा ही सोनामुखीची चुलत बहीण. दोघींमध्ये एकाच जातीची रेचक द्रव्यं असतात. ती मोठ्या आतड्याला डिवचतात, आतड्यात पाणी सुटतं आणि पोट उतरतं. शिजवलेल्या भाजीने हे बेतात होतं. कच्चा रस रोज ओतलात तर पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि पुढे त्याचीच सवय लागू शकते. सासूबाईंच्या पेल्यात खरा टाकळा असता तरी त्या गोळ्यांबरोबर तो बाधलाच असता, हेही मान्य करते.

डिटॉक्स हा शब्द तर मला ऐकवत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करत असतात. जुलाब झाले म्हणजे विष गेलं, हे कुणी ठरवलं? संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही म्हणतात, म्हणजे गजकर्ण घालवणारा. आमच्याकडे बिया ताकात वाटून गजकर्णावर लावायचे. 'रक्त शुद्ध करतो' ही ख्याती मला वाटतं तिथूनच आली असावी, कातडी स्वच्छ झाली म्हणून. विदर्भात याला तरोटा म्हणतात. तिथे लोक बिया गोळा करून व्यापाऱ्याला विकतात, त्यांचा डिंक होतो. भाजून दळलेल्या बियांची कॉफीही करतात, माझी आजी करायची. कडू असते, पण वाईट नाही.

किती दिवस म्हणाल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा भाजी, श्रावण सरेपर्यंत. रेल्वे लाइनीच्या आणि गटाराच्या कडेचा खुडू नका. (1998 चा प्लॉट फार स्वच्छ होता असं नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.) गरोदर बायकांनी, लहान मुलांनी, आणि बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रसाच्या वाटेला जाऊच नये. आणि महिनोन्महिने पोट साफ होत नसेल तर पाला सोडा, डॉक्टरला दाखवा.

बाजारात कातकरी बायका वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. त्यांची चूक होत नाही. स्वतः खुडणार असाल तर आधी जोड्या मोजा. नणंदेच्या फ्रिजमधल्या डहाळीचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे, त्यात पाचही जोड्या स्पष्ट दिसतात. तिला दोनदा पाठवलाय.