संध्याकाळी सात वाजले की कॅमेरा ऑफलाइन

प्रश्न : गावी (रत्नागिरीजवळ) आई-बाबा दोघंच असतात म्हणून गणपतीत गेलो तेव्हा अंगणात वायफाय कॅमेरा लावून आलो. दिवसभर मस्त दिसतो पण संध्याकाळी सातच्या सुमारास ऑफलाइन होतो, मधेच मिनिटभर येतो, परत जातो, आणि सकाळी आपोआप चालू. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, कॅमेरावाला म्हणतो नेट स्लो आहे. राउटर माजघरात आहे आणि कॅमेऱ्याची वायर पुरत नव्हती म्हणून वायरमनने दहा मीटरची यूएसबी वायर जोडलीय. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे, ती दहा मीटरची वायर! नुसतं नेट स्लो असतं तर बहुतेक दुपारीही कधीतरी गंडलं असतं, रोज बरोबर दिवेलागणीपासून सकाळपर्यंतच कसं गंडेल? अंधार पडला की कॅमेरा नाइट मोडवर जातो, आतून टक्‌ असा बारीक आवाज येतो (लेन्समागचा फिल्टर सरकतो तो), आणि तोंडाशी बारीक लाल एलईडी लागतात. या एलईडींना करंट जास्त लागतो. अडॅप्टर देतो पाच व्होल्ट, त्यातला एखादा व्होल्ट ती लांब बारीक वायरच खाते, मग कॅमेरा रिस्टार्ट होतो, उठतो, एलईडी लावतो, परत झोपतो. रात्रभर हेच.

खात्री करायला गावी जायची गरज नाही. भर दुपारी बाबांना फोन करून कॅमेऱ्यावर काळी पिशवी नाहीतर जाड टॉवेल टाकायला सांगा आणि तुम्ही ॲप उघडून बसा. पाच-दहा मिनिटांत गेला तर पॉवरचाच प्रॉब्लेम. मग वायरमनकडून कॅमेऱ्याजवळ २३० व्होल्टचा पॉइंट काढून घ्या आणि बॉक्समध्ये आलेली छोटी वायर नि ओरिजिनल अडॅप्टर तिथेच लावा. फक्त अडॅप्टर पत्र्याखाली उघडा ठेवू नका, कोकणातला पाऊस आहे, झाकणाचा प्लास्टिक बॉक्स बसवा.

पिशवी टाकूनही चालूच राहिला तर मात्र नेटवाल्याला पुन्हा पकडा, कारण संध्याकाळी आजूबाजूचे सगळे मोबाइल-टीव्ही घेऊन बसतात. आणि त्याला अपलोड स्पीड विचारा, डाउनलोड नको, कॅमेरा व्हिडिओ घराबाहेर पाठवतो ना.

प्रश्न : नवीन राउटर घेतला, फोन-टीव्ही सगळं जोडलं, जिन्यातला कॅमेरा काही केल्या जोडत नाही. पासवर्ड दहा वेळा तपासला. कॅमेरा खराब झाला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर (बँडवर) देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेचसे फक्त २.४ पकडतात, त्यांना ५ दिसतच नाही. नव्या राउटरवर बऱ्याचदा दोन्हींचं नाव एकच असतं म्हणून सेटअपच्या वेळी घोळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. तिथेच सिक्युरिटी (वायफायच्या पासवर्डची सुरक्षापद्धत) डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा, जुन्या कॅमेऱ्यांना ३ कळत नाही.

आता माझी आवडती आळशी युक्ती : २.४ ला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल सगळं तेच. कॅमेऱ्याला वाटतं जुनाच राउटर आहे आणि तो आपला आपण जोडला जातो, स्टूलवर चढून रिसेटचं भोक शोधत टाचणी खुपसत बसावं लागत नाही. अर्थात जुना पासवर्ड अख्ख्या बिल्डिंगला माहीत असेल तर मग चढा स्टूलवर.