एच-इंडेक्स ३४ असलेले गाईड घ्यावेत की ९ असलेले?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी बॉटनी झाली आहे आणि पीएचडीसाठी दोन गाईड तयार आहेत. प्लांट बायोटेकवाल्या सरांचा एच-इंडेक्स ३४, म्हणजे त्यांच्या ३४ पेपरना प्रत्येकी किमान ३४ वेळा इतरांच्या पेपरांत संदर्भ (सायटेशन) मिळालाय. टॅक्सॉनॉमीवाल्या, म्हणजे जाती ओळखून त्यांचं वर्गीकरण करणाऱ्या सरांचा ९. एवढा फरक असेल तर पहिलेच सर भारी ना?

नाही. या दोन आकड्यांवरून भारी कोण ते ठरतच नाही. पोटतिडकीने लिहितेय, कारण हाच प्रश्न मला टेबलापलीकडून विचारला गेला होता.

२०१६ मध्ये सहयोगी प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेले होते. समितीतल्या एका गृहस्थांनी गूगल स्कॉलरवरचं माझं पान उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘मॅडम, तुमचा सात. आधीच्या उमेदवाराचा अठ्ठावीस. इतकी वर्षं काय केलंत?’ ते आधीचे उमेदवार पानांच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण बनवायचे. जगभर हजारो लोक तेच करतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ देतो.

मी काय केलं होतं ते सांगते. सह्याद्रीच्या एका पठारावर गेंदाची नवीन जात सापडली होती. गेंद तुम्ही कासला पाहिलाच असेल, शर्टाच्या गुंडीएवढा पांढरा. जाती वेगळ्या करायच्या तर नुसत्या फुलाने भागत नाही, पिकलेलं बी लागतं. ते असतं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि त्याच्या सालीवरची नक्षी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. पहिल्या वर्षी बी कच्चं निघालं. दुसऱ्या वर्षी आम्ही पोचायच्या आत गुरं चरून गेली होती. तिसऱ्या पावसाळ्यात बी मिळालं. मग पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, बसून नमुने चिकटवलेल्या जुन्या शीट एकेक करून ताडून पाहिल्या. चौथ्या वर्षी पाच पानांचा पेपर आला. सायटेशन सहा.

पण त्यानंतर त्या पठाराची वनस्पतींची जी यादी निघाली, तिच्यात ते नाव आहे. नावापुढे माझं आडनावही लागतं. फक्त मूळ पेपर संदर्भयादीत कुणी घालत नाही, तशी रीतच नाही. वनस्पतींच्या नावापुढे, त्यांना नावं देणाऱ्या लिनियसच्या नावाचा ‘एल.’ आपण रोज लिहितो, त्याच्या १७५३ च्या ग्रंथाचा संदर्भ कधी दिलाय का? म्हणजे काम रोज वापरलं जातं आणि मोजणीत शून्य धरलं जातं. याउलट प्रोटीन मोजायची लॉरी पद्धत बघा. प्रॅक्टिकलला ते निळं द्रावण तुम्हीही केलं असेल. १९५१ च्या त्या पेपरला तीन लाखांवर सायटेशन आहेत, कारण पद्धत वापरली की पेपरचा संदर्भ द्यायचा हा तिथला रिवाज आहे.

हा एच-इंडेक्स २००५ मध्ये ज्यांनी काढला, त्या होर्हे हर्श यांनीच त्याच लेखात जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे आकडे सारखे नसतात असं लिहून ठेवलंय. त्यांच्या यादीत भौतिकशास्त्रातले एडवर्ड विटेन ११० वर होते, जीवशास्त्रातले सॉलोमन स्नायडर १९१ वर. म्हणून विटेन कमी प्रतीचे का? २०१५ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर पेपर छापला, लेखक ५१५४. तो प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा. गणितात एकट्यादुकट्याने लिहिलेला पेपरही तेवढाच, एक.

आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, तर दोनच वर्षांची खिडकी बघतो. आम्ही अजून कुकचा शंभर वर्षांपूर्वीचा फ्लोरा, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ, उघडून बसतो. २०२० मध्ये हा आकडा काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकाला स्वतःचेच संदर्भ फार देतं म्हणून त्या यादीतून काढलं होतं. अहो, प्राण्यांच्या नव्या जातींची एवढी वर्णनं तिथेच छापून येतात, तर संदर्भ दुसरे कुणाचे देणार? जगभरच्या टॅक्सॉनॉमिस्टनी ओरड केली तेव्हा परत घेतलं.

हे सगळं मला त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या पेपरचा रीप्रिंट पिशवीत होता, तो बाहेरसुद्धा काढला नाही. त्या गृहस्थांना आज सांगते: सातची तुलना करायची तर माझ्याच विषयातल्या, माझ्याच वयाच्या माणसाशी करा. तशी केली असती तर मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली नसती. जागा ज्यांना मिळाली त्यांच्याबद्दल तक्रार नाही, माणूस कष्टाळू आहे. तक्रार मापाबद्दल आहे.

तुमच्यासाठी एवढंच. दोन्ही सरांच्या गेल्या पाच-सहा विद्यार्थ्यांचे पेपर काढा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का? थीसिस किती वर्षांत जमा झाला? त्यांच्यापैकी दोघांना फोन करा. हो, एक गोष्ट राहिली. टॅक्सॉनॉमीत जागा कमी निघतात आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतही इम्पॅक्ट फॅक्टर वाढला की गुण वाढतात, म्हणजे माझ्यासारखीच वेळ तुमच्यावरही येऊ शकते. घरची जबाबदारी असेल तर बायोटेक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि एकाच विषयातल्या दोन समवयस्कांत ३४ आणि ९ असेल, तर तेव्हा मात्र नऊ का, हे जरूर विचारा.

ठरवण्याआधी टॅक्सॉनॉमीवाल्या सरांबरोबर ऑगस्टमध्ये एकदा पठारावर जाऊन या. नमुने दाबायला घरची वर्तमानपत्रांची रद्दी न्या. चकचकीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत.