दीड वर्षाच्या लॅब्रॅडॉर मादीसाठी विमा घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे : पुण्यात आपल्या घरी दीड वर्षाची, नसबंदी न झालेली लॅब्रॅडॉर मादी आहे. तिच्यासाठी आपल्याला वर्षाला 7,200 रुपये हप्त्याची एक पॉलिसी सुचवण्यात आली आहे, ज्यात उपचारांची मर्यादा 50,000 रुपये असून मान्य झालेल्या खर्चाचा 20 टक्के भाग आपण सोसायचा आहे. हा व्यवहार पटण्यासारखा आहे का, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले असून नोकरीतील बराच काळ गाई-म्हशींच्या विम्याचे दावे माझ्याकडे होते. घरी कुत्रा तर नेहमीच राहिला आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसले ते सांगते.

सर्वप्रथम हे पाहावे की पॉलिसी नेमका कशाचा विमा उतरवते. आपल्याकडे जनावरांचा विमा गोठ्यापासून सुरू झाला. गाईची किंमत पशुवैद्य ठरवतात, तिच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारतात, आणि ती दगावली तर शवविच्छेदनाच्या अहवालाबरोबर तो बिल्ला कंपनीकडे द्यावा लागतो; बिल्ला नाही तर दावा नाही, हा तिथला पहिला नियम. ज्या शेतकऱ्याचा संसार दुधावर चालतो त्याला गाईची बाजारातील किंमत परत मिळणे हाच खरा आधार असल्यामुळे ती रचना योग्यच आहे. कुत्र्यांच्या जुन्या पॉलिसी त्याच साच्यातल्या होत्या, म्हणजे कुत्रा मेला तर त्याची किंमत देणाऱ्या. 2020 नंतर खासगी कंपन्यांनी उपचारांच्या खर्चाचे संरक्षण देणाऱ्या पॉलिसी आणल्या, तरी मृत्यू, चोरी किंवा हरवणे यांची कलमे त्यांना अजून जोडलेली असतात आणि त्यांचा हप्ता एकूण रकमेत मिसळलेला असतो. आपली कुत्री गेली तर तिची खरेदीची किंमत हातात येऊन आपले काय भरून निघणार आहे? ती कलमे वेगळी काढता येत असतील तर काढून टाकावीत आणि वाचलेला पैसा उपचारांची मर्यादा वाढवण्यासाठी वापरावा. गावठी कुत्रा असेल तर हे आणखी खरे आहे, कारण बाजारभावाच्या हिशेबात त्याची किंमत जवळजवळ शून्य धरली जाते, पण त्याच्या पायाचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेला लॅब्रॅडॉरइतकाच खर्च येतो.

आता आपल्या आकड्यांकडे येते. समजा, 40,000 रुपयांचे शस्त्रक्रियेचे बिल आले आणि त्यातील तपासणी शुल्क, विशेष आहार, पूरक औषधे अशा 5,000 रुपयांच्या बाबी कंपनीने अमान्य केल्या, तर उरलेल्या 35,000 पैकी 20 टक्के आपले, म्हणजे हातात 28,000 रुपये येतील. ही रक्कम साधारण चार वर्षांच्या हप्त्यांएवढी आहे. म्हणजे चार वर्षांत एकदा असे मोठे बिल आले तर व्यवहार बरोबरीत सुटतो, त्याहून कमी वेळा आले तर आपण अधिक भरले असे होते. निव्वळ सरासरी पाहिली तर विमा बहुतेकांना तोट्याचाच पडतो, कारण कंपनीचा खर्च आणि नफा हप्त्यातूनच निघतो. तेव्हा 40,000 रुपये एका दिवसात उभे करणे आपल्याला शक्य आहे का, हा प्रश्न सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे. शक्य नसेल, आणि पैशांअभावी शस्त्रक्रिया लांबण्याची किंवा टळण्याची भीती असेल, तर हप्ता सार्थकी लागतो. दवाखान्याच्या बाकावर बसून नातेवाइकांना फोन करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तेवढ्या वेळात जनावराचे नुकसान होते.

मात्र ज्या आजारांची आपल्या कुत्रीला खरी शक्यता आहे तेच पॉलिसीतून वगळलेले असतील तर वरचा हिशेब कोसळतो, आणि या बाबतीत माहितीपत्रकावर विसंबू नये. पॉलिसीचा संपूर्ण मजकूर मागवून ‘अपवाद’ हे प्रकरण ओळ न् ओळ वाचावे. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस यांसारखे लसीने टळणारे आजार बहुधा वगळलेले असतात किंवा लसीकरण वेळेवर झाल्याचा पुरावा असेल तरच मान्य होतात, आणि ते मला रास्त वाटते. खरी अडचण गोचीड तापाची आहे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडांतून पसरणारे आजार आपल्याकडे सर्रास आढळतात, त्यांवर आपल्याकडे लस उपलब्ध नाही, आणि प्लेटलेट घसरून रक्त चढवण्याची वेळ आली तर खर्च झपाट्याने वाढतो. काही पॉलिसींत बाह्य परजीवींवरील उपचार वगळलेले असतात. त्याचा अर्थ केवळ गोचीड मारण्याच्या औषधांचा खर्च, की गोचिडांमुळे आलेला तापही, हे कलम वाचून स्पष्ट होत नसेल तर कंपनीला ई-मेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. फोनवर मिळालेले आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

मादीच्या बाबतीत दुसरा प्रश्न पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा. माज येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत हा आजार उद्भवतो, आणि गर्भाशय तातडीने काढले नाही तर जीव जाऊ शकतो. स्वीडनमध्ये बहुसंख्य पाळीव कुत्र्यांचा विमा असतो आणि निरोगी मादीची नसबंदी करण्याचा प्रघात तिथे फारसा नव्हता; तिथल्या विमा-नोंदींच्या अभ्यासातून असे दिसले की वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत सुमारे चौथा हिस्सा माद्यांना हा आजार होतो. हे प्रमाण मोठे आहे. प्रजननाशी संबंधित आजार काही पॉलिसी वगळतात, मग पायोमेट्राही त्यातच मोडतो का, हेही लेखी विचारावे. पण माझे प्रामाणिक मत असे की, पिल्ले नको असतील तर पशुवैद्यांशी बोलून योग्य वेळी तिची नसबंदी करून घ्यावी. नसबंदीचा खर्च विम्यातून मिळत नाही, तरीही त्या पैशाने जेवढे संरक्षण मिळते तेवढे कोणत्याही पॉलिसीने मिळणार नाही.

लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे आनुवंशिक दोष आढळतात, आणि आनुवंशिक किंवा जन्मजात दोष अनेक पॉलिसींत अपवादांत असतात. पुढे लंगडण्याचा त्रास झाला तर विम्यावर भिस्त ठेवू नये. वजन आटोक्यात ठेवणे हाच तिथला मुख्य उपाय. याउलट अपघात आणि गिळलेल्या वस्तू यांसाठी विमा खरोखर कामी येतो. या जातीची कुत्री दिसेल ते तोंडात घालतात. आंब्याची कोय किंवा मक्याच्या कणसाचा बुरकुंडा आतड्यात अडकला की पोट उघडावे लागते, आणि असे संकट तरुण, निरोगी कुत्रीवरही येते.

आपली कुत्री कोणाला चावली तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचे संरक्षणही काही पॉलिसींत असते. सोसायटीत लहान मुले आणि वृद्ध माणसे असतील तर ते घ्यावे. मात्र ते दिवाणी भरपाईपुरतेच असते. निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली दंड झाला तर तो आपल्यालाच भरावा लागेल.

घ्यायचे ठरले तर उशीर करू नये. पॉलिसीपूर्वी दिसलेले आजार वगळले जातात, आजारांसाठी सुरुवातीला काही दिवसांचा प्रतीक्षा कालावधी असतो, आणि पहिल्यांदा पॉलिसी घेण्याची वयोमर्यादा बऱ्याच ठिकाणी सात वर्षांच्या आसपास, तर ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींसाठी चार वर्षांच्या आसपास असते. म्हातारपणी, जेव्हा बिले वाढतात, तेव्हा नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होते हे आजच विचारावे. कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्यावी, म्हणजे कानातल्या बिल्ल्याप्रमाणे ओळखीचा वाद उरत नाही. लसीकरणाचे पुस्तक, महापालिकेचा परवाना आणि प्रत्येक भेटीचा पशुवैद्यांच्या सहीचा कागद एका फाइलीत ठेवावा. माझ्या अनुभवात बरेच दावे खोटेपणामुळे नव्हे, तर तारीख नसलेल्या चिठ्ठ्यांमुळे अडत.

ज्यांना महिन्याला हजार रुपये शिस्तीने बाजूला टाकता येतात आणि गरज पडल्यास लाखभर रुपये उभे करता येतात, त्यांनी विमा न घेता वेगळे आवर्ती ठेव खाते उघडावे. त्या पैशाला अपवादांचे कलम नसते आणि तो म्हातारपणीही उपलब्ध राहतो. शासकीय सोयीही विसरू नयेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये आहेत, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत अल्प दरात उपचार होतात, आणि परळचे बैलघोडा हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची सेवा करत आहे.

आपल्या जागी मी असते तर यंदा नसबंदी करून घेतली असती, आणि गोचीड तापाबद्दलचे उत्तर अनुकूल आले असते तर मृत्यू व चोरीची कलमे वगळून हीच पॉलिसी पुढची तीन-चार वर्षे चालवली असती, आणि त्या काळात जमेल तेवढी शिल्लक वेगळी टाकत गेले असते. उत्तर प्रतिकूल आले किंवा आलेच नाही, तर 7,200 रुपये दरवर्षी थेट ठेव खात्यात टाकले असते. पॉलिसी घेतल्यावर दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत दाद मागता येते, त्यासाठी शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.