कन्व्हर्टरच्या एकाच पावडरीचे एक्सआरएफवर दर वेळी वेगळे आकडे का येतात?

मडगावहून तुम्ही विचारलंय की गाड्यांचा धूर शुद्ध करणाऱ्या जुन्या कन्व्हर्टरची तीच पावडर एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) दर वेळी निराळे आकडे का दाखवते, आणि रिफायनरीचा रिपोर्ट त्याहूनही निराळा का येतो. डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या लॅबमध्ये शिकून मी या कामात आलो. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र बदलायच्या आधी पावडर सुधारा.

कन्व्हर्टरमधल्या कॅटॅलिस्टवरचा, धातू धरून ठेवणारा गॅमा ॲल्युमिनाचा (सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर हवेतली ओल ओढून घेतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पाच टक्के ओल असेल तर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे तिन्ही धातू जवळपास तेवढेच कमी दिसणार. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच मोजा. रिफायनरी कोरड्या वजनावर रिपोर्ट देते ना, तेही विचारून घ्या.

मग दळण. सगळी पावडर ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलीच पाहिजे. धातूंचा लेप मऊ, आतली कॉर्डिएराइट या सिरॅमिकची जाळी कठीण. चाळणीवर उरलेला चुरा टाकून दिलात तर धातू उगाच जास्त दिसतील.

यंत्राच्या नमुन्याच्या कपामध्ये पावडर किती भरता? प्रत्येक धातू ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो, त्यांना रेषा म्हणतात. प्लॅटिनमची ९.४४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा वरच्या एक-दोन मिलिमीटरमधूनच बाहेर पडते. ऱ्होडियम (२०.२) आणि पॅलेडियम (२१.२) यांचे किरण बऱ्याच खोलातून येतात. थर पातळ असला की प्लॅटिनम ठीक, पण बाकीचे दोन कमी. सेंटीमीटरभर तरी भरा, दर वेळी सारखंच दाबून.

प्लॅटिनम जास्त दिसत असेल तर जस्त तपासा. इंजिन ऑइलमधलं जस्त कॅटॅलिस्टवर साचतं आणि त्याची ९.५७ ची रेषा प्लॅटिनमला अगदी खेटून असते. प्लॅटिनमच्याच ११.०७ च्या दुसऱ्या रेषेवर ताळा घ्या. यंत्रातली क्ष-किरणांची ट्यूबच ऱ्होडियमची असेल तर योग्य फिल्टरशिवाय ऱ्होडियमच्या आकड्यावर सौदा करू नका.

खनिजाच्या लॅबमधून कोणी फ्यूज्ड बीड (पावडर वितळवून केलेली काचेची चकती) बनवायला सांगेल, पण ती वितळवायची मूसच प्लॅटिनमची असते. इथे नको.

डिझेलचे सिलिकॉन कार्बाइड फिल्टर कॉर्डिएराइटच्या कॅलिब्रेशनवर मोजू नका. निस्ट या अमेरिकी मापन संस्थेचं एसआरएम २५५७ हे प्रमाण (खात्रीचे आकडे असलेली कॅटॅलिस्टची पावडर) चांगलं, पण महाग. त्यापेक्षा कमी-जास्त धातूच्या तुमच्याच काही लॉटचे रिफल स्प्लिटरने (पावडर सारखी विभागणाऱ्या साधनाने) भाग करा, एक भाग आयसीपीला (लॅबमधल्या प्लाझ्मा तपासणीला) पाठवा आणि दुसरा वाळवून, सीलबंद करून कॅलिब्रेशनसाठी ठेवा.