रेल्वेवाल्यांना पगार चांगला, ओव्हरटाइमही मिळतो. मग संप आणि ‘जादा काम करणार नाही’ हे कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारी २०२४ मधल्या त्या शनिवारी कुर्ल्याला ताटकळलात, लोकलवर लोकल रद्द होत होत्या, आणि तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: पगार, पेन्शन, पास, वर ७८ दिवसांचा बोनस, एवढं असून ही माणसं भांडतात कशासाठी?

मी गार्ड होतो. आधी मालगाडीचा, मग पॅसेंजरचा. २०२० साली रिटायर झालो. पुढे दोन वर्षांनी गार्डचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. मॅनेजर व्हायचं माझं थोडक्यात हुकलं. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन. म्हणजे घरात दोन पिढ्यांचा कोळसा आणि डिझेल आहे. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.

त्या शनिवारी संप नव्हता. एका मोटरमनचा रुळावर गाडीखाली मृत्यू झाला होता. सहकारी त्याच्या अंत्यसंस्काराला गेले, आणि बऱ्याच जणांनी जादा ड्यूटी घ्यायला नकार दिला. जादा, एवढंच. नेमून दिलेलं काम सोडून पळालं नाही कोणी. तरी वेळापत्रक कोसळलं. याचा अर्थ असा की रोजचं वेळापत्रकच जादा कामाच्या टेकूवर उभं असतं. जागा रिकाम्या, गाड्या वाढलेल्या, मधली फट ओव्हरटाइमने बुजवायची. टेकू काढला की काय होतं ते तुम्ही कुर्ल्याला पाहिलंत.

आता बोनसचं आधी संपवतो, कारण त्यावर माझे भाचेसुद्धा चिडवतात. ७८ दिवसांचा बोनस म्हणजे अडीच महिन्यांचा पगार असं लोकांना वाटतं. हिशोब महिना ७००० रुपये धरून होतो, तुमचा खरा पगार कितीही असो. त्याने ७८ दिवसांचे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये होतात. दिवाळीत पेपरात मथळा ‘७८ दिवसांचा’ असा येतो, रक्कम खाली कुठेतरी बारीक अक्षरात.

खरं भांडण पैशाइतकंच घड्याळाचं आहे. कुठला तास ‘काम’ धरायचा आणि कुठला नाही, यावर शंभर वर्षं वाद चाललाय. १९४७ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांनी निवाडा दिला आणि रेल्वेच्या माणसांचे वर्ग पाडले: इंटेन्सिव्ह (सतत ताणाचं काम), कंटिन्युअस (सलग काम), इसेन्शियली इंटरमिटंट (अधूनमधून काम). आठवड्याची मर्यादा अनुक्रमे ४५, ५४ आणि ७५ तास. हे आकडे आजही रेल्वेच्या कायद्यात आहेत. तिसरा वर्ग नीट पाहा. ज्याच्या ड्यूटीतला निम्मा किंवा जास्त वेळ हातपाय हलवावे लागत नाहीत, सलग लक्षही द्यावं लागत नाही, तो ‘इंटरमिटंट’. आमच्याकडे त्याला नुसतं ‘ईआय’ म्हणतात. आडरानातल्या फाटकावरचा गेटमन बारा तास बसतो तो या वर्गाच्या जोरावर. गाडी नाही म्हणजे काम नाही, असं कागद म्हणतो. रात्री दोनला ऊस भरलेला ट्रॅक्टर फाटकापाशी येऊन हॉर्न मारतो, ड्रायव्हर शिव्या घालतो, कंट्रोलचा, म्हणजे गाड्या कुठे कशा चालवायच्या ते ठरवणाऱ्या कक्षाचा, फोन वाजत असतो, आणि गेटमनने त्या क्षणी फाटक उघडायचं की नाही हे ठरवायचं असतं. तो आधीचे दोन तास ‘लक्ष न देता’ बसला होता असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र तिथे काढावी.

आमच्यासारख्या रनिंग स्टाफची, म्हणजे गाडीवरच्या ड्रायव्हर-गार्डांची, गंमत वेगळीच. साध्या कंटिन्युअस माणसाचा रोस्टर, म्हणजे आठवड्याचे नेमून दिलेले तास, ४८. ४८ ते ५४ मधल्या तासांना दीडपट, त्यापुढे दुप्पट ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. रनिंगवाल्यांचा हिशोब पंधरवड्याचा, १०४ तासांवर. समजा पहिल्या आठवड्यात तेरा-तेरा तासांच्या पाच फेऱ्या झाल्या, ६५ तास. डोळे लाल, पाय सुजलेले. दुसऱ्या आठवड्यात गाड्या कमी लागल्या, ३६ तास भरले. बेरीज १०१. ओटी शून्य! पहिल्या आठवड्यातला थकवा दुसऱ्या आठवड्यात विरघळतो, निदान कागदावर तरी. बायकोला हे गणित समजावताना माझी फार पंचाईत व्हायची. ती म्हणायची, “मग त्या आठवड्याला घरी नव्हतात ते कुणाच्या खात्यात जमा झालं?”

त्यात मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की संपलंच. मेल-एक्सप्रेस जाणार, तुम्ही थांबणार. चार तास, पाच तास. जुन्या ब्रेकव्हॅनमध्ये ना पंखा ना संडास. मे महिन्यात पत्रा तापलेला, पाण्याची बाटली चहाइतकी गरम. मायलेज म्हणजे किलोमीटरवर मिळणारा भत्ता, त्यामुळे उभ्या चाकाला फारसं मोल नाही. साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर आल्याची सही, झाल्यापासून साइन ऑफ होईपर्यंतचा सगळा वेळ ड्यूटी धरा आणि त्याला घट्ट मर्यादा घाला, ही मागणी तिथल्या घामातून आलेली आहे.

१९७४ च्या देशभरातल्या रेल्वे संपाचं तुम्ही विचारलंय. तेव्हा मी चौदा वर्षांचा. लोकांना तो संप जॉर्ज फर्नांडिस यांच्यामुळे आठवतो, पण त्याची सुरुवात इंजिनवाल्यांनी केली होती. लोको रनिंग स्टाफने १९७३ सालीच दोनदा काम थांबवलं आणि दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळवलं. आश्वासन कागदावर राहिलं. त्याच वर्षी जॉर्जनी गोव्याच्या पीटर अल्वारिस यांना हरवून ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचं अध्यक्षपद घेतलं. मग मागण्या एकत्र झाल्या: आठ तासांचा दिवस, बोनस, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार, महागाईशी जोडलेला भत्ता. बोलणी चालू असतानाच २ मेला जॉर्जना लखनौला अटक झाली. ८ मेला संप सुरू झाला.

आमच्या क्वार्टरमध्ये एरवी रात्री-अपरात्री ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय यायचा. दारावर थाप, “फायरमन, कॉल घ्या!” वडील झोपेतच त्याच्या वहीत सही करायचे, आई स्टोव्ह पेटवायची, पत्र्याच्या पेटीत भाकरी, झुणका, कांदा, कपड्याचा एक जोड. ८ तारखेपासून थाप बंद झाली. शेडच्या शिट्ट्या बंद. इतकी शांतता की लहान बहीण रडायची, तिला गाड्यांच्या आवाजात झोपायची सवय. वडील आणि त्यांचे दोन मित्र आईच्या माहेरी, मामाच्या मळ्यात जाऊन राहिले, कारण घरी सापडेल त्याला पकडून एकतर तुरुंगात नाहीतर इंजिनावर नेत होते. पोलीस आले तेव्हा आई दारात उभी राहिली. “नवरा कुठंय?” तिने शांतपणे सांगितलं, “ड्यूटीवर असतील. ते घरी असतात कधी?” हवालदार हसला आणि गेला. हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

मिसा (खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा कायदा), डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स, टेरिटोरियल आर्मी, क्वार्टर खाली करायच्या नोटिसा, सगळं वापरलं गेलं. अटका हजारोंनी. १८ मेला पोखरणचा अणुस्फोट झाला आणि पेपरातली पहिली पानं तिकडे वळली. काँग्रेसकडे झुकलेली दुसरी फेडरेशन आधीपासून बाहेरच होती. २७ मेला संप बिनशर्त मागे घेतला गेला. वीस दिवस.

हरले? त्या महिन्यापुरते, हो. बडतर्फ झालेल्यांना १९७७ साली परत घेतलं गेलं, तेव्हा रेल्वेमंत्री होते मधु दंडवते, राजापूरचे खासदार. बोनस १९७९ साली आला. आठ तास मात्र इंजिनवाल्यांना आजतागायत मिळाले नाहीत. २०१६ साली नियम झाला तो सलग नऊ तास रनिंगचा, गरज पडली तर आधी सूचना देऊन साइन ऑनपासून अकरापर्यंत. ‘गरज पडली तर’ या तीन शब्दांवर किती गाड्या चालतात ते कंट्रोलला विचारा.

त्यानंतर तसा संप का झाला नाही? माझं मत सांगतो. धाक हे एक कारण आहेच, पण मोठी फेडरेशन सगळ्या खात्यांची असते. गँगमन, क्लार्क, स्टेशनमास्तर, वर्कशॉप. त्यांचं लक्ष वेतन आयोगावर. सातव्या आयोगाच्या वेळी ११ जुलै २०१६ ची बेमुदत संपाची नोटीस दिली गेली, मंत्र्यांनी आश्वासन दिलं, संप पुढे ढकलला. तो पुढेच गेला. घड्याळाचा प्रश्न मूठभर रनिंगवाल्यांचा, म्हणून त्यांची वेगळी संघटना, आणि वेगळ्या संघटनेला मान्यता नाही. मग त्यांच्या हातात उरतं काय? जादा काम न करणं. मला स्वतःला ही पद्धत आवडत नाही, फटका तुमच्यासारख्यांना बसतो, वातानुकूलित खोलीतल्यांना नाही. पण दुसरं हत्यार कोणतं, हे मलाही सुचलेलं नाही.

आणि ओटी मिळतो म्हणून सगळे खूश असतात असंही नाही. माझ्या बॅचमध्ये दोन तट होते. घराचे हप्ते असलेला म्हणायचा, “मला अजून दोन फेऱ्या द्या.” चाळिशीत शुगर लागलेला म्हणायचा, “पैसे नको, झोप द्या.” युनियनच्या मीटिंगमध्ये साहेबांपेक्षा यांचीच आपसात जास्त जुंपायची, आणि दोघंही बरोबर असायचे.

वडील साइन ऑन आणि साइन ऑफच्या वेळा एका लाल डायरीत लिहायचे, दरवर्षी नवी. पगाराच्या दिवशी ओटीचा कागद आणि डायरी शेजारी ठेवून बसायचे, पेन्सिलने खुणा करत. मीही सदतीस वर्षं तेच केलं. परवा माळ्यावरून त्यांची १९७४ ची काढली. ८ मे ते २७ मे, प्रत्येक पानावर तारखेखाली एकच ओळ आहे: ‘साइन ऑन नाही.’