तळहात काळवंडले म्हणून गोळ्या थांबवाव्यात का?

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू आहेत. १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस विश्रांती, असे तिसरे आवर्तन चालू आहे. तिचे तळहात, तळपाय आणि नखे काळवंडली आहेत. दुखत काही नाही. पण ‘औषध अंगात भिनले, आता बंद कर’ असे नातेवाईक म्हणू लागल्यापासून तिचे मन डळमळले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : केवळ रंग बदलला म्हणून गोळ्या थांबवू नयेत, आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. कॅपेसिटाबिनचे शरीरात फ्लुरोयुरॅसिल या जुन्या औषधात रूपांतर होते आणि त्याच्या प्रभावाने त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढते. सावळ्या वर्णाच्या रुग्णांत हे अधिक दिसते. (फ्लुरोयुरॅसिल शिरेतून दिले, तर कधीकधी त्या शिरेवरच काळी रेघ उमटते.) उपचार संपल्यावर हा काळेपणा बहुधा काही महिन्यांत फिकट होतो. नखांना मात्र वेळ द्यावा लागतो, कारण हाताचे नख पूर्ण नवे यायला साधारण ६ महिने आणि पायाच्या अंगठ्याचे १२ ते १८ महिने लागतात.

लक्ष ठेवायचे ते वेगळ्याच गोष्टीवर. याच गोळ्यांमुळे तळहात-तळपायांना मुंग्या येणे, जळजळ, सूज, भेगा, फोड असा त्रास होऊ शकतो, आणि तो वाढला तर गोळ्या काही दिवस थांबवून पुढची मात्रा कमी करावी लागते. पुस्तकांत त्याची पहिली खूण म्हणून लाली सांगितलेली असते. काळवंडलेल्या त्वचेवर ती सहज दिसत नाही, म्हणून आईंना रोज ‘दुखते का, चटका बसल्यासारखे वाटते का’ असे विचारावे आणि उत्तर ‘हो’ आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

काळेपणा काढण्यासाठी वज्रीने घासणे, लिंबू चोळणे किंवा गोरे करणारी मलमे लावणे कृपया टाळा. त्वचा सोलली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. सुवासरहित मलम दिवसातून दोनतीनदा हलक्या हाताने लावावे, फार गरम पाणी आणि घट्ट चपला टाळाव्यात, उन्हात जाताना अंग झाकावे. पुढच्या भेटीत आईंचे तळपायही डॉक्टरांना आवर्जून दाखवा. तपासणीच्या घाईत पायांतले मोजे काढायचे राहून जाते.